अठ्ठ्याऐंशी नंबरचं गाणं

हॅरिस पार्क, सिडनी
३ ऑगस्ट

प्रिय विनीतामावशी,

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर आपलं बोलणं म्हणजे मी ‘जेवलीस का’ विचारायचं आणि तू ‘हो, मंगळवारी’ म्हणायचं. त्यापेक्षा हे बरं. मी वेस्टमीडला दिवसभर लोकांचे कान तपासते आणि माझ्याच मावशीला मशीनचा काडीचा उपयोग होत नाही, हे मी कामावर कुणाला सांगतच नाही.

एक बातमी आहे. युरोपातल्या देशांची ती मोठी गाण्याची स्पर्धा असते ना, तुझी सून चित्रलेखा मे महिन्यात पहाटे उठून टीव्हीवर बघते ती, तिच्यात ऑस्ट्रेलियाचंही एक गाणं जातं. ते कसं निवडायचं हे दर थोड्या वर्षांनी बदलतं. यंदा असं ठरलंय की आधी सात जणांनी चारशे गाणी ऐकून त्यांतली सहा काढायची, मग ब्रिस्बेनला थिएटरात फायनल आणि लोकांची मतं. त्या सातांत मी आहे! बाकीचे सगळे गाण्यातले, मी एकटी कानातली. चॅनेलचा मॅट म्हणून प्रोड्युसर आहे, त्याचे वडील माझे पेशंट. त्याला कुणीतरी ‘साधा माणूस’ हवा होता.

दर शनिवारी आम्ही पॅरामॅटाला एका खोलीत बसतो. गाण्यांना फक्त नंबर. गाणारा कोण, कुठला, काही सांगत नाहीत. काल अठ्ठ्याऐंशी नंबर लागला. एकच बाईचा आवाज, मागे जवळजवळ काही नाही. शब्द इंग्लिश, पण ते कुणाच्याच लक्षात राहिले नाहीत. गाणं संपलं तरी कुणी पेन उचललं नाही. मग यॉर्गोस म्हणाला, “हे नवीन नाही. माझी आई हे गायची.” यॉर्गोस आमच्यातला सगळ्यात वडील, चाळीस वर्षं बँड चालवलाय. त्यावर लिन म्हणाली, छे, ही तर माझ्या आजीची व्हिएतनामी अंगाई आहे.

आणि मावशी, मला आई दिसली.

तुला माहीत आहे, मला आईचं काहीही आठवत नाही. फोटोतला चेहरा सोडून काही नाही. साडेतीन वर्षांची मुलगी काय आठवणार! पण काल ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती, निळ्या साडीचा पदर ओला, आणि ती हेच गात होती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आता प्रश्न असा की नियमाप्रमाणे गाणं पूर्ण नवं लागतं. जुनी चाल निघाली तर बाद. म्हणून विचारते, आई कुठलं गाणं म्हणायची? कऱ्हाडकडचं काही? तुझ्याशिवाय सांगणारं कुणी उरलं नाही.

तुझी,
चारू

स्प्रिंगफील्ड लेक्स
११ ऑगस्ट

चि. चारू,

तुझी निवड झाली हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. ओजसने ऑफिसात सांगितलं, चित्रलेखाने लगेच पेढे केले. मी म्हटलं, अगं, गाणं चारूचं नाही, ती फक्त ऐकतेय. तर म्हणे, ऐकणं पण टॅलेंट आहे, आई.

माझं बरं आहे. रोज तळ्याला एक फेरी मारते. निळे, लाल चोचीचे ते पाणपक्षी आता मला ओळखतात, रस्त्यातून हलत नाहीत. मागून सायकल आली तर ऐकू येत नाही, म्हणून मी गवतावरून चालते.

गाण्याचं विचारलंस. मला तसं काही आठवत नाही. इतक्या वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं. इरावती शांत होती, एवढं सांगते. तुम्हाला शंका असेल तर ‘जुनं आहे’ असं लिहून मोकळे व्हा आणि दुसरं चांगलं गाणं निवडा. देशात गाण्यांची काय कमी आहे?

जेवणाची हेळसांड करू नकोस. बाहेरचं खाणं कमी कर.

विनीतामावशीचे आशीर्वाद

हॅरिस पार्क
३० ऑगस्ट

प्रिय मावशी,

‘इरावती शांत होती.’ चार शब्दही नाहीत. तीस वर्षांत तू मला आईबद्दल एवढंच देत आलीस. असू दे. आता माझ्याकडे माझं स्वतःचं आहे.

अठ्ठ्याऐंशी नंबर शेवटच्या सहांत आला. सातही जणांचे पैकीच्या पैकी मार्क. मॅट म्हणाला असं कधीच होत नाही. त्याने जुनी चाल शोधणाऱ्या दोन तज्ज्ञांना गाणं दिलं. त्यांना कुठल्याही भाषेत तसं काही सापडलं नाही. पण त्या दोघांनीही रिपोर्टच्या खाली लिहिलंय, ‘मला मात्र ओळखीचं वाटतं.’

यॉर्गोसने मेलबर्नच्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, “आई? आई कधी गायली? बाबा समुद्रात बुडाल्यापासून तिने घरात रेडिओसुद्धा लावू दिला नाही.” यॉर्गोस हे आम्हाला हसत हसत सांगत होता. पण हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्याला कळत नव्हतं.

मग नावं उघडली. गाणारी ब्रिओनी, चोवीस वर्षांची, टुवुम्बाच्या पलीकडे शेतावर राहते, एका जनावरांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला आहे. आम्ही तिला बोलावलं. हडकुळी मुलगी, सारखी बाही ओढत होती. मी विचारलं, चाल कशी सुचली? तिने मॅटकडे बघितलं, मग हळूच म्हणाली, “आमच्याकडे पाण्याची जुनी काँक्रीटची टाकी आहे, रिकामी. आवाज घुमतो म्हणून मी आत बसून गाते. एक दिवस मी तोंड उघडायच्या आधीच घुमलं. मग मी त्याच्यामागून गायले.” मॅट म्हणाला, वा, काय छान बोललीस, हे मुलाखतीत घेऊ. तिला ते छान वाटलेलं दिसलं नाही.

मी फाईल घरी आणलीय. आणायची नसते. कामावरून आले की ऐकते. आणि मावशी, आठवण पुढे सरकते! पहिल्यांदा आई पाठमोरी होती. मग ती दाराशी आली. गेल्या आठवड्यापासून ती घरात नाहीच. एक रस्ता आहे, दोन्हीकडे चिंचेची झाडं, आणि ती पलीकडच्या बाजूला उभी राहून गातेय. मी अलीकडे आहे, कुणाच्या तरी कडेवर. अजून चेहरा नीट दिसत नाही. एकदा पलीकडे पोचले की दिसेल असं वाटतं.

एक मूर्खपणा सांगते, रागावू नकोस. गुरुवारी दुपारी पॅरामॅटाच्या सिग्नलला उभी होते, कानात तेच चालू होतं. मागून एका माणसाने बॅगेला धरून खेचलं. “यू राइट, मेट?” म्हणाला. बस माझ्या नाकासमोरून गेली. मी पाऊल कधी टाकलं ते मला आठवत नाही.

तुझी,
चारू

स्प्रिंगफील्ड लेक्स
६ सप्टेंबर

चारू,

आत्ता ते गाणं चालू असेल तर आधी बंद कर. मग पुढे वाच.

तुझी आई गात नव्हती. तुझी आई बोलतही नव्हती. इरावती जन्मापासून बहिरी होती, त्यामुळे मुकी. तिने आयुष्यात एक सूर ऐकला नाही आणि काढला नाही. तिचं माझं बोलणं हातांनी चाले. त्या खुणा आम्ही दोघींनीच लहानपणी तयार केल्या होत्या, तिसऱ्याला कळत नसत.

हे तुझ्यापासून लपवलं, कारण ती गेल्यावर लोक तुला ‘मुकीची पोर’ म्हणायला लागले. मी तुला पुण्याला आणलं आणि ठरवलं, हा शब्द हिच्या कानावर पडू द्यायचा नाही. तुझे बाबा, गुरुदत्त, यांनीही तेच मागितलं. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं, तेही गेले. तू कानांचंच शिक्षण घ्यायचं ठरवलंस, तेव्हा मला वाटलं आता सांगावं. धीर झाला नाही.

तापाने गेली असं तुला सांगितलं, तेही खोटं. कऱ्हाडच्या बाहेर चिंचांचा रस्ता होता. तू माझ्या कडेवर होतीस. ती पुढे पलीकडे गेली होती, तिथून परत आमच्याकडे यायला निघाली. ट्रक वळणावरून आला. मी हाका मारल्या. तिला ऐकू येत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी मी गळा फाटेपर्यंत तिला हाकाच मारत राहिले. माझे दोन्ही हात तुला धरण्यात अडकले होते.

तो रस्ता मी कुणाजवळ बोललेली नाही. पोटच्या ओजसजवळही नाही. तुझ्या डोक्यात तो कुठून आला मला माहीत नाही, पण तिथे उभी राहून गाणारी ती इरावती नव्हे. जी कोण आहे तिच्याकडे जाऊ नकोस.

मावशी

हॅरिस पार्क
२२ सप्टेंबर

विनीतामावशी,

दोन आठवडे तुझं पत्र पर्समध्ये घेऊन कामाला जातेय.

मी रोज लहान मुलांना पहिलं मशीन लावते. पहिला आवाज ऐकल्यावर त्यांचे चेहरे होतात ना, ते बघण्यासाठी मी हे काम करते. माझी आई त्यांतलीच एक होती आणि तू मला कळू दिलं नाहीस. लोक काय म्हणतील म्हणून! लोक कऱ्हाडला राहिले, मावशी. आपण ऑस्ट्रेलियात आलो.

तू म्हणतेस ती गात नव्हती. माझं डोकं म्हणतं तू खरं बोलतेस. पण मला तिचा आवाज ऐकू येतो, आणि तू माझ्याशी आयुष्यभर खोटं बोललीस. मग मी कुणावर विश्वास ठेवू?

यॉर्गोस गेला. तिकीट काढून एकटाच ग्रीसला, त्याच्या बेटावर. आईचं घर तीस वर्षं बंद आहे, तिथे राहतोय. मॅटला एक ओळ पाठवली, ‘ती स्वयंपाक करतेय.’ बहिणीचे फोन घेत नाही. लिन मला म्हणाली, तीही डिसेंबरचं तिकीट बघतेय.

फायनल १२ ऑक्टोबरला, रविवारी दुपारी, तुमच्या ब्रिस्बेनला. तुझ्या आणि चित्रलेखाच्या नावाने दोन तिकिटं पाठवतेय. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पुढच्या रांगा असतात. ये. तुला गाणं ऐकू येणार नाही. पण मी ऐकताना कशी दिसते ते तरी बघ, आणि मग सांग की ते खोटं आहे.

चारुता

स्प्रिंगफील्ड लेक्स
१५ ऑक्टोबर

चि. चारू,

रविवारी तू आमच्याबरोबर घरी आलीस, वरणभात जेवलीस, सोमवारी विमानात बसलीस. जाताना विचारलंस, “मावशी, मी कडेला कशी पोचले?” दारात उभ्याने सांगण्यासारखं ते नव्हतं. आता लिहिते.

तुम्ही परीक्षक मोठ्या स्टेजवर एका बाजूला बसला होता. पहिली पाच गाणी त्याच स्टेजवर झाली. मी मशीन काढून पर्समध्ये ठेवलं होतं, त्यामुळे मला नुसते दिवे आणि उड्या दिसत होत्या. चित्रलेखा टाळ्या वाजवत होती. मग ती मुलगी आली, आणि ती मोठ्या स्टेजवर न जाता प्रेक्षकांमधल्या छोट्या गोल स्टेजवर उभी राहिली, आमच्या तिसऱ्या रांगेला लागूनच. तिच्या आणि तुमच्या मध्ये तो खोल खड्डा, ज्यात वादक बसतात. त्या दिवशी तिथे वादक नव्हते, केबल्स आणि लोखंडी सामान होतं.

तिने तोंड उघडलं आणि मी थिएटरभर बघितलं. बहिऱ्या माणसाला सवय असते, आवाज कळला नाही की तो चेहरे बघतो. दोन हजार माणसांचे ओठ हलत होते, चारू. नवं गाणं, आणि सगळे बरोबर म्हणत होते. माझी सूनही. मी तिचा दंड हलवला, तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

मग मी त्या मुलीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक होता, गाणाऱ्या माणसासारखा नव्हता. डाव्या हातात माईक. आणि उजवा हात खाली, मांडीजवळ, आपला आपणच काहीतरी करत होता. दोन बोटं हनुवटीला, मग मूठ छातीकडे. पुन्हा हनुवटीला, पुन्हा छातीकडे.

हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. हनुवटीला दोन बोटं म्हणजे तू. तुझ्या हनुवटीवर खळी आहे म्हणून इरावतीने तुझं ते नाव ठेवलं होतं. मूठ छातीकडे म्हणजे ये. चिंचांच्या रस्त्यावर, पलीकडून निघायच्या आधी, तिने तुला शेवटचं हेच म्हटलं होतं. आणि तू माझ्या कडेवरून तिच्याकडे झेपावलीस, म्हणून मी तुला दोन्ही हातांनी धरलं.

मी वर बघितलं तर तू खुर्चीतून उठली होतीस. तू अगदी शांत, बघत बघत येत होतीस, खड्ड्याच्या दिशेने. तुझा उजवा हात तेच करत होता. कुणी तुला अडवत नव्हतं, सगळे गात होते. कड तुझ्यापासून चार पावलांवर होती.

हाक मारून उपयोग नाही हे या वेळी मला वेळेवर सुचलं. तुझे कान भरलेले होते. मी खुर्चीवर चढले. एकाहत्तराव्या वर्षी, हो. दोन्ही हात वर केले, आणि उलटा तळहात कपाळावर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. आमच्या भाषेत त्याचा अर्थ ‘थांब’. तू चुलीकडे रांगायला लागलीस की इरावती तुला तेच करून दाखवायची. मी ती खूण तेव्हापासून कुणाला केलेली नाही. तुला तर कधीच शिकवली नाही.

तू थांबलीस. कडेपासून एक पाऊल. तू माझ्याकडे बघून, लहान मुलासारखं, तळहात स्वतःच्या कपाळाला लावलास.

तेव्हा मला कळलं की तुला तुझी आई आठवते. तुझ्या हातांना आठवते. त्या गाण्याने फक्त तिथे येऊन आपला आवाज लावला.

जे काय ठरवायचं ते तू ठरव. मी लपवून काही ठेवलेलं आता उरलं नाही.

तुझी,
मावशी

हॅरिस पार्क
२४ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी वेस्टमीडच्या कार पार्कमध्ये बसून वाचलं. पुन्हा वाचलं. मग शिफ्टला गेले.

लोकांच्या मतांत अठ्ठ्याऐंशी नंबर इतका पुढे होता की मॅट म्हणाला, मोजायची गरजच नव्हती. पण देशाचं गाणं म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक परीक्षकाची सही लागते, की हे मी पूर्वी कुठेही ऐकलेलं नाही. यॉर्गोस नाही, त्याच्या बहिणीने त्याच्यातर्फे नकार कळवला होता, पण आजारी म्हणून तो धरला नाही. बाकी पाच जणांनी सही केली. त्या पाचांनीच पहिल्या दिवशी ‘हे जुनं आहे’ म्हणून वाद घातला होता, मावशी. आता त्यांना ते गाणं सगळ्या जगाने ऐकायला हवंय.

मी कागदावर लिहिलं, ‘हे गाणं मी पूर्वी ऐकलेलं आहे.’

मॅटने मला बाजूला घेतलं. “कुठे? कधी? काहीतरी दाखव.”

“दाखवता येणार नाही.”

“चारुता, प्लीज. त्या मुलीचं आयुष्य आहे हे.”

“माहीत आहे,” मी म्हटलं, “म्हणूनच.”

लिनने माझ्याशी बोलणं सोडलंय. बातमी फुटल्यावर लोकांनी काय काय लिहिलं ते ओजसने बघितलं असेल, तुला दाखवू नको म्हणावं. दुसऱ्या नंबरचं गाणं जाणार आहे. बरं आहे ते, नाचावंसं वाटेल असं. मला पॅनलवरून काढलं.

ब्रिओनीला मी स्वतः भेटायला गेले. वाटलं होतं ती दार लावून घेईल. तिने चहा केला. मी तिला ती खूण करून दाखवली आणि विचारलं, हे तू स्टेजवर का करत होतीस? ती म्हणाली, “मी काहीच करत नव्हते. माझा उजवा हात बधिर झाला होता, गाताना नेहमी होतो.” मग कप खाली ठेवून म्हणाली, “थँक यू.” तिच्या वडिलांनी त्या आठवड्यात टाकी पाडायला माणूस बोलावला होता. तो कामाला सुरुवात करून तासाभरात निघून गेला, आणि का ते सांगत नाही.

आल्यावर मी फाईल पुसली. पुसण्याआधी ऐकली नाही. खूप वाटलं, पण नाही. तीन दिवसांत चाल डोक्यातून गेली. आता प्रयत्न केला तरी पहिली ओळसुद्धा येत नाही. आई अजून दिसते, स्वयंपाकघरात, निळ्या साडीत. ती वळते, आणि तिचे ओठ मिटलेले असतात. मला आधी भीती वाटली. मग लक्षात आलं, ती अशीच होती.

यॉर्गोसची बहीण बेटावर पोचली. तो बरा आहे, जेवतो. पण घर सोडायला तयार नाही, आणि ताटं दोन मांडतो.

पुढच्या शुक्रवारी दुपारच्या विमानाने मी तुझ्याकडे येतेय, पंधरा दिवस. रजा मंजूर झाली. त्या भाषेतलं तुला जेवढं आठवतं तेवढं सगळं मला शिकव, पाणी, भूक, राग, झाडू, काहीही.

विमानतळावर ओजसला पाठव. तू घरीच थांब. आणि मी फाटकाशी आले की नेहमीसारखी दारातून हाक मारू नकोस. आता कुणी माझ्या नावाने हाक मारली की मी जागच्या जागी उभी राहते, मागे वळून बघत नाही. तू हाताने बोलाव. मग मी येईन.

तुझी,
चारू